पांढरीवरचे मणी आणि तेरचं म्युझियम

माझं आजोळ तेर. धाराशिव जिल्ह्यातलं, तेरणा नदीच्या काठाचं गाव, आमच्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं म्हणा. लहानपणी मे महिन्यात तिकडं गेलो की जूनचा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत थांबायचा आमचा हट्ट असायचा, कारण पाऊस पडून उघडीप झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पोरं टेकाडावर जायची, मणी वेचायला. खरंच मणी. पावसानं माती धुवून जायची आणि ओल्या पांढऱ्या मातीत लाल, निळे, काळपट असे बारीक बारीक मणी वर आलेले दिसायचे, एखादा इतका बारीक की नखानं उचलावा लागायचा. कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा, कधी खापराला नक्षी. आजी ते सगळं एका जर्मलच्या डबीत घालून देवळीत ठेवायची आणि म्हणायची, "जुन्या बायांचे हायेत ते, गळ्यात घालायचे न्हाईत."

जुन्या बाया म्हणजे किती जुन्या हे मला कॉलेजला गेल्यावर कळलं. दोन हजार वर्षं.

मागच्या महिन्यात आईला घेऊन तेरला गेले होते, बऱ्याच वर्षांनी, मामाकडं कार्य होतं. दुसऱ्या दिवशी निवांत होतो तर आई, मी आणि मामाचा नातू (चौथीत आहे, प्रश्न विचारून भंडावून सोडतो) असे तिघं म्युझियममध्ये गेलो आणि तेव्हापासून डोक्यात जे चाललंय ते इथं लिहून काढतेय. थोडं लांबेल.

आधी पांढरीबद्दल सांगते, कारण शहरात वाढलेल्यांना हा शब्द माहीत नसतो. आपल्याकडं गावाची जमीन दोन प्रकारची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं, पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. जुन्या कागदपत्रांत काळी-पांढरी असा जोडशब्दच येतो. आणि ही पांढरी पांढरी का असते, तर शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली की तिथं चुलीची राख पडते, शेण पडतं, मातीच्या भिंती पडतात आणि त्यावरच परत नवी भिंत उभी राहते, चुना, हाडं, खापरं, सगळं एकमेकांत मिसळत जातं, जमीन हळूहळू उंच होत जाते आणि रंग राखाडी पांढरट होतो. म्हणजे टेकाड दिसतं ते मुळात टेकाड नसतंच, ते एकावर एक बसलेलं गाव असतं. तेरमध्ये अशी टेकाडं गावाच्या आजूबाजूला आहेत आणि आत्ताचं गावसुद्धा त्यातल्याच जुन्या वस्तीवर बसलेलं आहे.

आता गंमत बघा, या पांढऱ्या मातीला आमच्याकडं फार मागणी. धाब्याची घरं असतात ना, माळवदाची, त्यांच्यावर पावसाळ्याच्या आधी पांढरी माती पसरायची म्हणजे गळत नाही, काळी माती भेगाळते पण पांढरी घट्ट बसते. त्यामुळं पिढ्यानपिढ्या मराठवाड्यात लोकांनी गावची पांढर खणून घरावर नेली. बैलगाड्या भरभरून. त्या मातीबरोबर मणी, नाणी, मातीची चित्रं, सगळं वर गेलं, मग पावसात पन्हाळीतून खाली आलं, अंगणात पडलं, झाडून उकिरड्यावर गेलं. आजोबा सांगायचे की माळवद शाकारताना मातीच्या बाहुलीचं मुंडकं निघायचं आणि ते पोरांना खेळायला द्यायचे. मी हे दोष म्हणून सांगत नाहीये. पाऊस दारात आलाय, घर गळतंय, तर माणूस काय करणार, आणि तेव्हा त्याला कुणी सांगितलंही नव्हतं की यात काय आहे.

पण एका माणसाच्या ते लक्षात आलं होतं. रामलिंगप्पा लामतुरे. तेरचेच. त्यांनी गावातून, शेतातून, टेकाडावरून, लोकांच्या घरातून अशा वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि आयुष्यभर तेच केलं. कुणाला नांगरताना काही सापडलं, कुणाला माती काढताना, ते त्यांच्याकडं यायचं. हजारो वस्तू जमल्या. पुढं तो सगळा संग्रह सरकारकडं गेला आणि आज जे शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे ते त्यांच्याच नावानं आहे. हा माणूस काही आर्किऑलॉजी शिकून आलेला नव्हता. नुसतं ओळखलं की ही खापरं फेकायची नाहीत. मला त्यांचं हे ओळखणंच सगळ्यात मोठं वाटतं, कारण सोन्याची वस्तू कुणीही जपेल, फुटक्या मातीच्या बाहुलीचं मुंडकं जपायला वेगळी नजर लागते.

आणि त्या मुंडक्यांनीच तेरचं नाव बाहेर गेलं. तेरच्या मातीच्या मूर्ती म्हणजे टेराकोटा हे सातवाहन काळातलं एक अप्रतिम काम आहे, मी आजोळ म्हणून सांगत नाही. यातल्या बऱ्याच मूर्ती केओलिन म्हणजे पांढऱ्या बारीक मातीच्या आहेत, इतक्या पातळ आणि नाजूक की कानातल्या डुलाची नक्षीसुद्धा स्पष्ट दिसते. त्या दोन साच्यांत बनवलेल्या, एक साचा पुढच्या बाजूचा, एक पाठीचा, दोन्हीत माती दाबून भरायची आणि मग दोन्ही भाग चिकटवायचे, आतून मूर्ती पोकळ. ही दुहेरी साच्याची पद्धत रोमन जगाशी आलेल्या संबंधातून इकडं आली असं अभ्यासक सांगतात. केसांच्या रचना तर बघत राहाव्यात अशा. डोक्यावर गुंडाळलेले, फुलं खोवलेले, मध्येच एखादा दागिना. आई काचेला नाक लावून म्हणाली, "अगं हिनं तर डोक्यात केवढं घातलंय, लग्नाला निघाल्यासारखी." आणि मग आम्ही तिघंही प्रत्येक बाईच्या डोक्यात काय काय आहे तेच बघत पुढं गेलो, दुसरं काही वाचलंच नाही बराच वेळ.

ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरच्या वस्तूंवर छोटं पुस्तक लिहिलं. म्हणजे लंडनच्या माणसाला धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यावर पुस्तक लिहावंसं वाटलं आणि आमच्या शाळेच्या पुस्तकात आम्हाला तेर म्हणून एक ओळ आली नाही.

आता थोडं मागं जाते, कारण हे खेडं खेडं नव्हतंच. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्यानं, तो इजिप्तकडचा होता, समुद्री व्यापाराची एक माहितीपुस्तिका लिहिली, तिला पेरिप्लस म्हणतात. त्यात तो दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगतो. एक पैठण, भडोचपासून (गुजरातमधलं जुनं बंदर) दक्षिणेकडं वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरं तगर, पैठणपासून पूर्वेकडं दहा दिवसांच्या वाटेवर. आणि म्हणतो की तिथून माल गाड्यांवर लादून, नीट रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला आणतात. पैठणहून अकीक दगड, तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. टॉलेमी या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक विद्वानाच्या भूगोलातही तगर आहे.

पण हे तगर नेमकं कुठलं हे बरीच वर्षं कुणाला कळत नव्हतं. कुणी देवगिरी म्हणायचं, कुणी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी बीडकडचं धारूर सुचवलं होतं. शेवटी जे. एफ. फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं १९०१ मध्ये दाखवून दिलं की तगर म्हणजे तेर. तगर, तयर, तेर, बोलून बघितलं तर जीभच सांगते. त्याच सुमाराला पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स इथं येऊन गेले आणि त्रिविक्रमाचं देऊळ बघून त्यांच्या लक्षात आलं की ही मूळची विटांची चैत्यासारखी, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहासारखी, वास्तू आहे, मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. कार्ले-भाजे इथं आपण जे डोंगरात कोरलेलं बघतो ते इथं विटांनी बांधून उभं केलंय. महाराष्ट्रात अजून उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या बांधकामांपैकी ते एक आहे आणि आमच्या लहानपणी आम्ही त्याच्या सावलीत लपाछपी खेळायचो.

आणि शिलाहार. अंबरनाथचं देऊळ बांधणारे ते शिलाहार राजे, कोकणातले आणि कोल्हापूरचे सुद्धा, आपल्या शिलालेखांत स्वतःला तगरपुरवराधीश्वर म्हणवतात. तगर नावाच्या श्रेष्ठ नगराचे स्वामी. राज्य कोकणात नाहीतर कोल्हापुरात, तरी बिरुद आमच्या तेरचं! गाव सोडून शेकडो वर्षं झाली तरी माणूस मूळ गावाचं नाव लावतो ना, अगदी तसंच.

मला एक गोष्ट फार जाणवली तिथं उभं असताना. पेरिप्लसवाल्यानं तगरचं नाव कशासाठी घेतलं, तर कापडासाठी. आणि म्युझियममध्ये तुम्हाला दगड दिसेल, माती दिसेल, शंख, हस्तिदंत, काच, शिसं, सगळं दिसेल, फक्त कापड नाही दिसणार. सुती कापड आपल्या मातीत दोन हजार वर्षं टिकत नाही, एक पावसाळा काढला तरी खूप. ज्या वस्तूसाठी गाव जगाला माहीत होतं तिचा धागाही शिल्लक नाही आणि जे त्या काळी कुणी मोजलंही नसेल, पोरीच्या गळ्यातला तुटलेला मणी, घरात पडलेली मातीची बाहुली, ते सगळं मात्र राहिलं. त्यामुळं कापड बघायचं असेल तर त्या मातीच्या बायकांच्या अंगावरच बघायचं, कमरेला काय गुंडाळलंय, काठाला रेघ दिली का. मी यावेळी प्रत्येक मूर्ती तशी बघितली आणि वेळ कसा गेला कळलं नाही.

पाटा मात्र आईनं शोधला. दगडी पाटा, पण चार पायांचा, एकाच दगडातून पाय काढलेले, छोट्या चौरंगासारखा. सातवाहन काळातल्या वस्त्यांत असे पायांचे पाटे मिळतात, तेरला, नेवाशाला, भोकरदनला. आई म्हणाली, हे बरंय, खाली फडकं घालायला नको, पाणी खालून निघून जातं, सरकतही नसेल. मी आजपर्यंत या पाट्याबद्दल जे वाचलं होतं त्यात दगडाचा प्रकार होता, मापं होती, काळ होता. वाटणाऱ्या बाईच्या बाजूनं कुणी बोललं नव्हतं. आईनं पन्नास वर्षं पाट्यावर वाटलंय, तिनं एका नजरेत सांगितलं की पाय का आहेत. बरोबर आहे की नाही ते अभ्यासक बघतील, पण माझं म्हणणं एवढंच आहे की हे तिचं बोलणंही कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे, त्या वस्तूच्या शेजारी. गावातल्या म्युझियमला जे जमू शकतं ते मोठ्या शहरातल्या म्युझियमला जमणार नाही, कारण इथं बघायला येणाऱ्या बाईच्या घरात अजून पाटा आहे.

एका मोठ्या शहरातल्या म्युझियममध्ये मी एकदा अशाच मातीच्या मूर्ती बघितल्या होत्या, नाव नाही घेत. खाली चिठ्ठी, मूर्ती, टेराकोटा, दख्खन. बस. दख्खन केवढं मोठं आहे! कुठलं गाव, कुणाचं शेत, कुठल्या वर्षी, काही नाही. मला तिथं अक्षरशः रडू आलं होतं, कारण मला चेहऱ्यावरून वाटत होतं की ही आमच्याकडची आहे पण सांगणार कुणाला आणि कशाच्या आधारावर.

हा मुद्दा मला जास्त सांगायचा आहे. वस्तू जपणं एक आणि ती कुठं सापडली ते जपणं दुसरं. टेकाडावर वरवर मिळालेल्या वस्तूला थर नसतो. म्हणजे पावसानं धुवून आलेला मणी सातवाहन काळातला की त्यानंतरचा हे नुसत्या मण्यावरून सांगणं अवघड जातं. खोदकामात तसं नसतं. तेरला १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी उत्खनन केलं, नंतरही झाली. उत्खननात थर एकेक करून काढतात, कुठल्या थरात कुठलं खापर, कुठलं नाणं, सगळं नोंदवतात, त्यामुळं वस्तू एकमेकींच्या शेजारी बसवता येतात आणि काळ लागतो. मग वरून वेचलेली बाहुली आणि थरातून निघालेली तसलीच बाहुली, दोन्ही समोरासमोर ठेवल्या की वेचलेलीलाही तिचा काळ मिळतो. म्हणजे गोळा करणारे आणि खोदणारे दोघंही लागतात. नुसता संग्रह असता तर काळ कळला नसता, नुसतं खोदकाम असतं तर माळवदावर गेलेल्या मातीतलं काहीच हाताला लागलं नसतं.

हस्तिदंताच्या बाईबद्दल नाही लिहिलं तर तेरबद्दल लिहून उपयोग नाही. तेरला एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, छोटीशी. आणि तिकडं इटलीत, पॉम्पेईमध्ये, १९३८ साली एका घरात खोदताना अशीच एक भारतीय हस्तिदंती बाई सापडली, आता ती नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती बाई त्याच्या आधीच तिथं पोचलेली होती. हातभर बांगड्या, पायात जाड वाळे, कमरेला मेखला, शेजारी दोन छोट्या दासी. आधी तिला लक्ष्मी म्हणायचे, आता यक्षी म्हणतात. तशाच घडणीचा एक तुकडा जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाला आहे. त्यामुळं काही अभ्यासकांनी मांडलं की पॉम्पेईची बाई आपल्याच या भागातल्या कारागिरांनी घडवली असावी, तर तिच्यावर खरोष्ठी, म्हणजे तिकडं वायव्य भारतात चालणाऱ्या लिपीतलं, अक्षर असल्यामुळं काही जण वायव्येकडं बोट दाखवतात. वाद आहे आणि राहू दे. भोकरदन आणि तेर दोन्ही त्या भडोचच्या वाटेच्या आसपास आहेत एवढं नकाशावर बघितलं तरी मला गाडीवानाचा आवाज ऐकू यायला लागतो.

तिथं मातीच्या बिल्ल्यांसारख्या वस्तू पण आहेत, रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कल, वर दोरा ओवायला भोक. गळ्यात घालायचे. रोमचा सोन्याचा शिक्का ज्याला परवडत नव्हता त्यानं मातीचा घातला. मामाच्या नातवाला हे एकदम पटलं कारण त्याच्याकडं जत्रेतलं प्लास्टिकचं मेडल आहे.

अजून एक, पैठणला पण असंच म्युझियम आहे, बाळासाहेब पाटलांच्या नावाचं, तेही एका स्थानिक माणसाच्या संग्रहातून झालेलं. म्हणजे पेरिप्लसमधल्या त्या दहा दिवसांच्या वाटेच्या दोन्ही टोकांना गावातल्याच एकेका माणसानं आयुष्य घालवून आपल्या पांढरीतलं वेचून ठेवलं. मला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर असेल, बैलगाडीला दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर धरले तर दहा दिवस बरोबर लागतात. त्या ग्रीक माणसानं ऐकीव माहितीवर लिहिलेलं असेल पण हिशोब चोख आहे.

म्युझियम बघून झाल्यावर गोरोबाकाकांच्या देवळात गेलो. तेर म्हटलं की लोकांना आधी संत गोरा कुंभारच आठवतात आणि तेच बरोबर आहे. तेराव्या शतकातले, ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळ्यातले, वयानं मोठे म्हणून सगळ्यांचे काका. त्यांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, सगळे संत जमलेले असताना मुक्ताबाईनं थापटण्याकडं बघून विचारलं की काका हे काय, तर म्हणे मडकं कच्चं की पक्कं ते बघायचं, मग तिनं सांगितलं की आमचीही परीक्षा बघा आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटण्यानं वाजवून बघितलं, नामदेव तेवढे कुरकुरले आणि कच्चे ठरले. लहानपणी आजी ही गोष्ट सांगताना आमच्या डोक्यावर टिचकी मारायची.

पण यावेळी म्युझियममधून थेट देवळात गेल्यामुळं माझ्या डोक्यात वेगळंच चालू झालं. ज्या गावात बाराशे वर्षं आधी इतक्या बारीक मातीच्या मूर्ती घडत होत्या, साचे होत होते, आवे पेटत होते, त्याच गावात त्याच नदीची माती पायानं तुडवत एक कुंभार विठ्ठलाचं नाव घेत होता. मध्ये किती राज्यं गेली, व्यापार बुडाला, रोम बुडालं, तगर नावाचं शहर आटून तेर नावाचं खेडं झालं. माती तुडवणारे पाय मात्र होतेच. एका वंशाचे होते असं मी म्हणत नाही, तसा काही पुरावा नाही आणि तसं म्हणायची गरजही नाही. मला वाटतं कधीतरी म्युझियममध्ये त्या मूर्तींच्या शेजारी आजच्या कुंभाराचं चाक, थापटणं, आणि आवा कसा रचतात याचे फोटो लावावेत आणि आजूबाजूच्या गावांत जे अजून मडकी करतात त्यांना बोलवून विचारावं की ही पोकळ बाहुली तुम्ही कशी केली असती. माती साच्यात बोटांनी दाबून भरतात त्यामुळं आतल्या बाजूला बोटांचे ठसे राहतात. फुटक्या मूर्तीला आतून बघितलं तर करणाऱ्याचा अंगठा दिसू शकतो. चेहऱ्यापेक्षा मला ते जास्त बघायचंय.

आणि विटा. गावात कुणालाही विचारा, पाण्यावर तरंगणाऱ्या विटांची गोष्ट सांगतील. मामा दर वेळी सांगतो, यावेळीही सांगितली, कार्याला आलेल्या पाहुण्यांना पण सांगितली. उत्तरेश्वराच्या देवळाची जुनी कोरीव लाकडी चौकट बघताना मी जेवढी थक्क झाले तेवढं कुणी झालं नाही, त्यांना विटाच पाहिजेत. लाकूड आपल्या हवेत, वाळवीत, इतकी शतकं टिकलं हे मला विटा तरंगण्याइतकंच अजब वाटतं.

आता आजीची डबी. घरी आल्यावर मी मामीला विचारलं, मामी, ती देवळीतली डबी हाय का अजून? मामीनं शोधली, नव्या घरात देवळ्या नाहीत, ट्रंकेत होती, कार्याच्या जुन्या पत्रिकांच्या खाली. उघडली तर सगळे मणी तसेच. पस्तीस-चाळीस असतील. लाल अकीकाचे, काचेचे निळे, दोन-तीन पांढरे शंखाचे. आई एकदम गप्प झाली, तिनंही लहानपणी त्यात टाकले होते ना. मामा म्हणाला, काय करायचं याचं, तू घेऊन जा पुण्याला. मी नाही म्हटलं. पुण्यात माझ्या कपाटात ते चाळीस मणी होतील, तेरला ते तेरचे मणी आहेत. मग बराच वेळ बोलणं झालं आणि ठरलं की म्युझियममध्ये विचारायचं, काय रीत आहे द्यायची, अर्ज काय करायचा, आणि द्यायचे.

पण देताना सोबत काय लिहून द्यायचं यावर आम्ही अडकलो. कुठले मणी कुठल्या टेकाडावरचे, कुणालाच सांगता येईना. आजी असती तर तिनं सांगितलं असतं कदाचित. आई म्हणाली लाल दोन नदीकडच्या बाजूचे आहेत, तिला पक्कं आठवतंय कारण त्या दिवशी तिची चप्पल तेरणेत वाहून गेली होती आणि मार बसला होता. एवढीच एक नोंद. मी ती आईच्याच शब्दांत वहीच्या कागदावर लिहून घेतली, चपलेसकट, आणि ते दोन मणी वेगळ्या पुडीत बांधले. बाकीच्यांसमोर लिहिलं, तेर, १९९०च्या आधी, टेकाडावरून, घरातल्या बायका-मुलांनी वेचलेले.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असलं काही असेल, तेरचंच असं नाही, पैठण, नेवासा, भोकरदन, कुठल्याही जुन्या पांढरीचं, तर ते आज्जी-आजोबा आहेत तोपर्यंत विचारून घ्या. कुठं मिळालं, कुणाला मिळालं, काय करताना. विकणाऱ्याच्या हातात तर देऊच नका, एकदा विकलं की त्याचं गाव गेलं. आणि आता नवीन वेचायला टेकाडावर जाऊ नका प्लीज, आम्ही गेलो तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आता आपल्याला माहीत आहे की तिथला प्रत्येक तुकडा जिथं आहे तिथंच बोलतो, आणि संरक्षित जागेवरून असं उचलणं कायद्यानंही चालत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मामाबरोबर शेतात गेलो होतो, आदल्या रात्री वळीव झाला होता. मामाचा नातू बांधाच्या कडेनं चालला होता आणि एकदम ओरडला, आत्या, खापर! काळं-तांबडं, गुळगुळीत, काठाचा तुकडा, मातीतून अर्धा वर आलेला. तो उचलायला वाकला आणि मीच ओरडले, थांब. मग मोबाईलवर फोटो काढला, शेजारी त्याचीच कंपासपेटीतली पट्टी ठेवून, म्हणजे माप कळेल. मामा लांबून विचारत होता, "काय करलालाव रे तिथं?" पोरानं खिशातून पेन काढलं, कागद नव्हता तर माझ्या बसच्या तिकिटाच्या मागं लिहायला घेतलं. लिंबाचं झाड, मग विचार करून, लिंबापासून बारा पावलं. कुणाची पावलं म्हणून मी विचारलं तर म्हणाला, हो की, आणि कंसात लिहिलं, माझी.